पन्हाळगड ते पावनखिंड : एका पायवाटेची आखणी

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षातील एका मासिक सभेत, के. आर. पुरम येथे, पदभ्रमण समितीच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवी वर्षात मंडळाने कोणते उपक्रम हाती घ्यावेत, यासंबंधी गेल्या गणेशोत्सवात सभासदांकडून सूचना मागविल्या होत्या. नाट्यप्रयोग, भजनसंध्या, रक्तदान शिबिर, पुरणपोळ्यांची स्पर्धा अशा पुष्कळ सूचना आल्या. त्यांतच एका चिठ्ठीवर चारच शब्द होते : ‘राहिलेली पावनखिंड पुरी करा.’ चिठ्ठीवर नाव नव्हते. परंतु त्यांतील ‘राहिलेली’ या शब्दाचा अर्थ ज्यांना ठाऊक आहे, अशी वीस-बावीस माणसे तरी आज या सभागृहात बसलेली आहेत. कार्यकारिणीने ती सूचना मान्य केली, पाच जणांची समिती नेमली, आणि त्या समितीच्या वतीने आज आम्ही आपल्यासमोर उभे आहोत.

पावनखिंडीचा पराक्रम आम्ही येथे वर्णन करणार नाही. तो आपण सर्वांनी लहानपणी ऐकला, मुलांना सांगितला, आणि मंडळाच्या रंगमंचावर दोन वेळा सादरही केला. आज बोलावयाचे आहे ते आखणीविषयी. विषय रुक्ष आहे. तथापि तो रुक्ष वाटला म्हणूनच मागील खेपेस आम्ही त्याकडे दुर्लक्ष केले, आणि त्याचे फळ काय मिळाले ते आधी सांगणे भाग आहे. कारण नव्याने मंडळात आलेल्या, विशेषतः व्हाईटफील्डच्या बाजूस राहणाऱ्या तरुण कुटुंबांना तो प्रसंग माहीत नसावा.

आठ वर्षांपूर्वी आषाढात आम्ही चोवीस जण पन्हाळ्यास गेलो होतो. उत्साह दांडगा होता. तयारी म्हणावी तर एक यादी होती, आणि तीही मुख्यतः खाण्याच्या पदार्थांची. सकाळी सातला निघावयाचे ठरले होते. बाजीप्रभूंच्या पुतळ्यापाशी छायाचित्रे काढली, मग चहा झाला, मग एकाच्या बुटाचा तळ सुटला तो बांधून घेतला. असे करता करता राजदिंडीच्या बाजूने गड उतरावयास अकरा वाजले. तुरुकवाडी आणि म्हाळुंगे मागे टाकून मसाई पठारावर चढलो तेव्हा दुपार कलू लागली होती. मसाई पठार ज्यांनी पाहिले नाही त्यांच्यासाठी सांगतो : जांभ्या दगडाचा तो दूरवर पसरलेला सपाट माळ आहे. ऊन असेल तर चालण्यास त्याच्यासारखी सुखाची जागा नाही. पण खुणेसाठी झाड म्हणावे तर झाड नाही, घर म्हणावे तर घर नाही. तेथे आम्हांला धुक्याने गाठले. दहा पावलांवरचा माणूस दिसेनासा झाला. तरण्या मुलांची पावले भराभर पडत होती, ती पुढे गेली. मधली मंडळी मधेच रेंगाळली. आणि प्रत्येकाची अशी समजूत, की मागचे कोणाच्या तरी बरोबर असतीलच. पठार उतरून कुंभारवाडीपाशी डोकी मोजली, ती बावीस भरली.

नव्हते ते दोघे म्हणजे मंडळाचे एक संस्थापक सभासद आणि त्यांची बारा वर्षांची नात.

आजोबांना आपल्यापैकी जुनी मंडळी ओळखत होतीच. दूरवाणीनगरच्या आय. टी. आय. कारखान्यात ते नोकरीसाठी आले, तेव्हा के. आर. पुरम हे जुन्या मद्रास रस्त्यावरचे एक निवांत गाव होते. त्या वेळी त्यांचे वय एकाहत्तर होते. त्यानंतरचे चार तास कसे गेले हे सांगण्यात अर्थ नाही. भ्रमणध्वनी लागत नव्हता, पाऊस थांबत नव्हता, आणि पठारावर परत चढून हाका मारणारांच्या हाका वारा पळवून नेत होता. दिवेलागणीच्या सुमारास एक गुराखी मुलगा निरोप घेऊन आला. आजोबांचा पाय कातळाच्या खाचेत मुरगळला होता. ते खाली बसले होते, नात त्यांच्याजवळ उभी राहून ओरडत होती, आणि गुरे घेऊन परतणाऱ्या त्या मुलाने तिचा आवाज ऐकून दोघांना आपल्या घरी नेले होते. आम्ही तेथे पोचलो तेव्हा नात चुलीपुढे घोंगडी पांघरून बसली होती आणि आजोबांच्या पायाला हळदीचा लेप लागला होता. त्या घरातले कोणी आम्हांवर रागावले नाही. घरच्या आजीबाईंनी फक्त एक प्रश्न विचारला : “म्होरल्यास्नी मागं वळून बघाय येत न्हाई व्हय?”

त्या रात्री आमच्यापैकी कोणापाशीही त्याचे उत्तर नव्हते. दुसऱ्या दिवशी आम्ही जीपने कोल्हापूर गाठले व परतलो. आजोबांचा पाय दीड महिन्यात बरा झाला, पण डोंगर मात्र त्यांच्या वाट्याला पुन्हा आला नाही. भेटले की ते विचारीत, “खिंड कशी असेल हो? तिथे पाणी मोठे पडते म्हणतात.” चार वर्षांपूर्वी ते गेले.

मित्रहो, ज्या रात्रीच्या नावाने आपण ही वाट चालतो, ती रात्र एकदा आखणीच्या नजरेने पाहावी अशी आमची विनंती आहे. सन १६६० च्या मार्चपासून सिद्दी जौहरचा वेढा पन्हाळ्यास पडला होता आणि तो चार महिने ढिला पडला नाही. जुलैमध्ये, आषाढी पौर्णिमेच्या रात्री, महाराज सुमारे सहाशे मावळ्यांनिशी बाहेर पडले. आता तपशील पाहा. शरणागतीची बोलणी सुरू करून आधी शत्रूला गाफील केले. वेढ्यातली कच्ची जागा हेरून ठेवली. पाठलाग होणारच हे गृहीत धरून दुसरी पालखी निघाली आणि शिवा काशीद जाणूनबुजून मरणाच्या वाटेने गेला. पुढे जाणारे आणि मागे थांबणारे यांची विभागणी झाली. विशाळगडाच्या पायथ्याशीही सुर्वे व दळवी यांचा वेढा होता, म्हणजे वाट संपली तरी काम संपणार नव्हते. ती रात्र पावसाची आणि चिखलाची होती, परंतु त्या रात्री काही दैवावर सोडलेले दिसत नाही. आपण शौर्य गातो, आणि ते गावेच. पण ज्यांनी ही वाट एक रात्र आणि एक दिवस यांत कापली, त्यांची तयारी आमच्या खाण्याच्या यादीहून बरीच निराळी होती.

आणि बाजीप्रभू कोठे होते? ते बांदलांच्या तुकडीसह घोडखिंडीत, म्हणजे सर्वांच्या मागे. त्या सबंध मोहिमेतला सर्वांत भरवशाचा माणूस पिछाडीला होता. आम्ही मात्र त्याच वाटेवर सर्वांत धडधाकट माणसे पुढे धाडली आणि मागे एक वृद्ध व एक मूल राहू दिले.

येथे थोडे विषयांतर करण्याची परवानगी असावी. ज्या वर्षी पुत्र पन्हाळ्यात कोंडला गेला होता, त्या वर्षी पिता शहाजीराजे आदिलशाहीचे सरदार म्हणून कर्नाटकातच होते, आणि आपले बंगळूर हे त्यांच्या जहागिरीचे ठाणे होते. आपण परमुलखात राहतो असे जेव्हा कोणी म्हणते, तेव्हा आम्हांस हे आठवते. आपली गाडी रात्री दावणगेरे ओलांडील. त्याच जिल्ह्यात चन्नगिरीजवळ होदिगेरे येथे शहाजीराजांची समाधी आहे. मुलांना त्या वेळी झोपेतून उठवावे असे नाही, पण निघण्याआधी सांगून ठेवावे.

आता प्रत्यक्ष योजनेकडे वळतो. सबंध सह्याद्री तापीच्या दक्षिणेपासून कन्याकुमारीपर्यंत सुमारे सोळाशे किलोमीटर लांब आहे. अमेरिकेत अ‍ॅपलाचियन पर्वतरांगेवरून सुमारे साडेतीन हजार किलोमीटरांची एक आखलेली पायवाट जाते. १९२१ साली बेंटन मके यांनी तिची कल्पना मांडली आणि १९३७ साली ती पूर्ण झाली. ती एका दमात चालणारे थोडे. बहुतेक लोक वर्षाला एक तुकडा याप्रमाणे कित्येक वर्षे तिच्यावर घालवितात. आपल्या सह्याद्रीला अशी सलग आखलेली वाट नाही, परंतु तुकड्यांची कल्पना आपल्याला नवी नाही. आळंदीहून पंढरीस जाणारा वारकरी मुक्कामामुक्कामानेच जातो, आणि उद्याचा मुक्काम कोठे, पाणी कोठे, पंगत कोठे हे त्याच्या दिंडीला आधी ठाऊक असते. पन्हाळा-पावनखिंड हा आपला पहिला तुकडा समजावा. पुढील वर्षी कोडचाद्री, त्यापुढे कुमारपर्वत, आणि कधी तरी तलकावेरी, जेथून आपल्या नळाला येणारे पाणी निघते. म्हणजे येते तेव्हा.

वाटेचा क्रम असा : पन्हाळा, तुरुकवाडी, म्हाळुंगे, मसाई पठार, कुंभारवाडी, खोतवाडी, मांडलाईवाडी, करपेवाडी, आंबर्डे, कळकवाडी, रिंकेवाडी, माळेवाडी, पाटेवाडी, सुकामाचा धनगरवाडा, म्हसवडे, पांढरपाणी आणि खिंड. अंतर पन्नास किलोमीटरांच्या आसपास. तरुण मंडळी ते दोन दिवसांत चालतात व आपणही तसेच चालावे असा आग्रह समितीत झाला. त्यावर आम्ही वाद न घालता हिशेब घातला. नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली एक ठोकताळा सांगून ठेवला आहे : सपाटीवर तासाला पाच किलोमीटर, आणि दर सहाशे मीटर चढासाठी आणखी एक तास. हा ठोकताळा सराव असलेल्या धडधाकट माणसाचा झाला. आपला वेग काय, हे पाहण्यासाठी आम्ही तीन रविवार वेंगय्यन केरेच्या काठाने पाठीवर ओझे घेऊन सर्वांना चालविले आणि घड्याळ लावले. मौज अशी, की सर्वांत मागे ना ज्येष्ठ नागरिक राहिले ना मुले. मागे राहिले ते दिवसभर संगणकापुढे बसणारे चाळिशीतले गृहस्थ. त्यांची नावे समितीने गुप्त ठेवली आहेत.

तेव्हा बांध, चिखल आणि चढउतार धरून आम्ही तासाला अडीच किलोमीटर हा वेग पक्का केला. दोन दिवसांत वाट संपवायची तर रोज पंचवीस किलोमीटर, म्हणजे दहा तास निव्वळ चाल, शिवाय जेवण व विसावा यांचे अडीच तास. पहाटे सहाला निघालेला माणूस साडेसहाला पोचेल, आणि त्या दिवसांत सूर्य सहाच्या थोड्याच पुढे मावळतो. तीन दिवस केले तर रोज सोळा-सतरा किलोमीटर, सात तास चाल, दोन तास विसावा. सातला निघून चारला मुक्काम. उजेडाचे दोन तास हाताशी उरतात. ते कोणी छायाचित्रांसाठी मागू नयेत. ते मुरगळलेल्या पायासाठी, चुकलेल्या वळणासाठी आणि अवेळी आलेल्या पावसासाठी राखलेले आहेत. म्हणून दिवस तीन ठरले. पहिला मुक्काम खोतवाडीच्या परिसरात, दुसरा माळेवाडीच्या.

काळाविषयी मात्र समितीत एकमत झाले नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. आमच्यापैकी दोघांचे म्हणणे असे, की आषाढातला पाऊस नाही तर ती वाट ती वाटच नव्हे. ज्या चिखलातून ते गेले त्या चिखलातूनच गेले पाहिजे. ह्या भावनेचा आम्ही आदर करतो. परंतु बंगळुरास वर्षाला हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो, आणि त्याच जिल्ह्यातल्या गगनबावड्यास पाच हजारांच्या वर. आपल्या मुलांना पाऊस म्हणजे रस्त्यात तुंबलेले पाणी एवढेच माहीत आहे. शिवाय आषाढात त्या वाटेवर हजारो माणसे उतरतात. लहान वाड्यांवर त्याचा काय ताण पडतो, आणि ती गर्दी ओसरल्यावर ओढ्यांत कोणत्या पिशव्या तरंगतात, ते आम्ही पाहिले आहे. म्हणून बहुमताने दसऱ्याची सुटी ठरली. येथील शाळा त्या वेळी बंद असतात, ओढ्यांना पाणी असते, जमीन आवळू लागलेली असते. भात मात्र शेतात उभे असते. बांधावरून एकामागे एक चालावे लागेल आणि कोणाच्या पिकात पाय पडता कामा नये. ज्यांना आषाढच हवा त्या दोघांनी तो पुढे स्वतंत्रपणे करावा, समिती नकाशा देईल.

जाण्याची सोय सोपी झाली आहे. पूर्वी सामानासह मॅजेस्टिक गाठणे हीच एक मोहीम असे. २०२३ पासून के. आर. पुरमहून मेट्रोने थेट तेथे उतरता येते. तेथून रात्रीची राणी चन्नम्मा एक्सप्रेस धरावयाची, दुसऱ्या दिवशी मिरजेस उतरावयाचे, मिरजेहून कोल्हापूर सुमारे पन्नास किलोमीटर आणि कोल्हापुराहून पन्हाळा वीस. तो दिवस गड पाहण्यात जाईल. २०२५ च्या जुलैत युनेस्कोने मराठ्यांच्या ज्या बारा दुर्गांना जागतिक वारशाचा मान दिला त्यांत पन्हाळा आहे; आणि त्यांतला बारावा, जिंजी, आपल्या शेजारच्या तामिळनाडूत आहे, हेही मुलांना सांगावे. छायाचित्रे काय ती त्या दिवशी काढून घ्यावीत.

आमच्यापैकी तिघे मार्गशीर्षात वाट पाहून आले आहेत. प्रत्येक वाडीत पिण्याचे पाणी कोठे मिळते याचे टिपण तयार आहे. पठारावर मात्र भरवशाचे पाणी नाही, म्हणून प्रत्येकाने तीन लिटर पाठीवर घ्यावे. जड सामान टेम्पोने मुक्कामी येईल व हाच टेम्पो अडचणीच्या वेळी उपयोगी पडेल. गंभीर प्रसंगी कोल्हापूरचे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय गाठावयाचे. मुक्काम गावकऱ्यांच्या घरी आहे. भाकरी, झुणका, आमटी, भात जे पानात पडेल ते. त्यांनी जो दर सांगितला तो आम्ही मान्य केला आहे. तेथे जाऊन कोणी घासाघीस करू नये. ध्वनिवर्धक नेऊ नये. आपला कचरा आपण कोल्हापूरपर्यंत परत आणावयाचा आहे.

कपडे, बूट, विजेरी, औषधे यांची यादी दाराशी ठेवली आहे. नवे बूट कोणी घेणार असेल तर आजच घ्यावे, आदल्या आठवड्यात घेऊ नये. एवढे पुरे.

चालण्याचा नियम एकच, आणि तो मोडणारास दुसऱ्या दिवशी टेम्पोत बसविण्यात येईल. सर्वांच्या पुढे एक माणूस असेल, त्याच्या पुढे कोणी जाणार नाही. सर्वांच्या मागे दोन माणसे असतील, त्यांच्या मागे कोणी राहणार नाही. वाट फुटेल तेथे पुढच्याने थांबावयाचे, आणि शेवटचा माणूस दिसल्याखेरीज निघावयाचे नाही. प्रत्येक वाडीत मोजणी. धुके आले तर सर्वांनी हाकेच्या नव्हे, हाताच्या अंतरात यावयाचे. शिटी प्रत्येकाच्या गळ्यात. तीन वेळा वाजली की सर्वांनी जागीच उभे राहावयाचे.

पिछाडीसाठी समिती दोन अनुभवी गृहस्थांची नावे सुचविणार होती. त्याआधीच एक नाव आमच्याकडे चालत आले. ती नात आता वीस वर्षांची आहे, येथेच अभियांत्रिकी शिकते. तिने आम्हांस सांगितले, “काका, त्या दिवशी मला तुम्हां सगळ्यांच्या पाठी दिसत होत्या. मग त्याही दिसेनाशा झाल्या. मला शेवटी चालायचंय.” चिठ्ठी तिचीच काय, हे आम्ही विचारले नाही. तिची नेमणूक झाली आहे. तिच्याबरोबर दुसरे कोण, हे सरावानंतर ठरेल. सर्वांत दमदार असेल त्यालाच ते काम मिळेल.

मार्गशीर्षात गेलेल्या आमच्या तिघांनी ते घर शोधून काढले. गुराखी मुलगा आता कोल्हापुरास कामाला असतो. आजीबाई आहेत. त्यांना आमचे चेहरे ओळखता आले नाहीत, पण मुलगी आठवत होती. “पोर केवढी झाली?” असे त्यांनी विचारले, आणि म्हातारबाबांचे कळल्यावर त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. वाटेत त्यांच्याकडे पाऊण तासाचा थांबा धरला आहे; तो राखीव दोन तासांत मोडत नाही, योजनेतच आहे.

सराव येत्या रविवारपासून. सकाळी सहा वाजता वेंगय्यन केरेच्या फाटकाशी जमावयाचे आहे. चौथ्या रविवारी कोलारच्या अंतरगंगेच्या पायऱ्या चढावयाच्या, तेथील वेळेवरून अंतिम यादी ठरेल. नावे नोंदविण्याची वही चिटणिसांकडे आहे. नाव लिहिताना वय आणि मागील आजार खरे लिहावेत. पाणी आपापले आणावे.